उन्हातून गोडे पाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात सूर्याच्या उष्णतेने समुद्राचे पाणी पिण्याजोगे करण्याविषयी लेख आला होता. त्यात दोन मार्ग सांगितले होते. एक म्हणजे काचेच्या पेटीत उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करून तिचे पाणी धरणे, अर्थात सौर ऊर्ध्वपातन. दुसरा म्हणजे सौर पॅनेलच्या विजेवर पंप चालवून खारे पाणी दाबाने आरओच्या पडद्यातून काढणे. त्या लेखावर आलेली बहुतेक पत्रे समुद्राकाठची नसून बेळगाव जिल्ह्यातील अथणी, रायबाग, चिकोडी या कोरड्या पट्ट्यातील आहेत. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. समुद्र घाटाखाली दूर असला तरी खारे पाणी म्हणजे काय हे त्या भागातील बायकांना चुलीवरची डाळ शिजेनाशी झाली की कळते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या गावात नदीचे पाणी नळाने येते, परंतु उन्हाळ्यात चार-चार दिवस खंड पडतो आणि मग बोअरच्या मचूळ पाण्यावर भागवावे लागते. टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) मीटरवर २,०००च्या आसपास दाखवतो. घरात पाच माणसे आहेत. समुद्राच्या पाण्यासाठी आपण वर्णिलेली पेटी आमच्या पाण्याला चालेल का, आणि चालल्यास केवढी लागेल?
— एक निवृत्त शिक्षक, अथणी तालुका

उत्तर : चालेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात २ ग्रॅम आहेत. पण उन्हाने वाफ करताना या फरकाचा परिणाम थोडाच होतो, कारण वाफ पाण्याची होते आणि क्षार तळाशी राहतात. गोकर्णाजवळ सानिकट्ट्याच्या मिठागरांत हेच घडते. तेथे मीठ ठेवून घेतात आणि वाफ वाऱ्यावर जाऊ देतात, आपल्याला ती वाफ अडवायची आहे. चिलीच्या आटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने खाणकामगार आणि त्यांची खेचरे यांच्यासाठी अशा काचेच्या पेट्या उभारल्या होत्या. तेथले पाणी समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट होते, तरी सुमारे ४,७०० चौरस मीटर काचेखालून दिवसाला २२ हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळत असे आणि हे काम जवळजवळ चाळीस वर्षे चालले. आपल्या देशात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली गुजरातमधील अवाणिया या गावी दिवसाला ५,००० लिटर क्षमतेचा असाच प्रकल्प उभा केला होता.

आता पेटी केवढी लागेल ते पाहू, कारण उत्साहाच्या भरात याच हिशेबात बहुतेकांची फसगत होते. एक लिटर पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला, वीजबिलातल्या मापाने, सुमारे ०.७ युनिट इतकी उष्णता लागते. आपल्या भागात एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ५ ते ५.५ युनिट ऊन पडते. सगळे ऊन कामी आले असते तर चौरस मीटरमागे साडेसात लिटर पाणी मिळाले असते. प्रत्यक्षात काही ऊन काच परतवून लावते, काही उष्णता तळातून आणि बाजूंतून निसटते, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाफेने जी उष्णता घेतलेली असते ती काचेवर पाणी होताना बाहेरच्या हवेत निघून जाते. त्यामुळे साध्या पेटीतून चौरस मीटरमागे वर्षाच्या सरासरीने अडीच ते तीन लिटर आणि एप्रिल-मे महिन्यांत चारच्या आसपास पाणी धरावे. याहून फार मोठा आकडा कोणी विक्रेता साध्या पेटीसाठी सांगत असेल तर पैसे देऊ नयेत.

पाच माणसांच्या केवळ पिण्यासाठी दिवसाला १५ लिटर धरले, तर पाच-सहा चौरस मीटर काच लागेल. मात्र सगळे पाणी ऊर्ध्वपातितच असले पाहिजे असे नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. म्हणजे तीन भाग पेटीतील पाणी आणि एक भाग उकळून गार केलेले बोअरचे पाणी एकत्र केले, की टीडीएस ५००वर येतो, पाण्याला चव येते, आणि १५ लिटरांचे २० लिटर होतात. हे करण्यापूर्वी बोअरचे पाणी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावे, कारण फ्लोराइड आणि नायट्रेट टीडीएस मीटरवर वेगळे दिसत नाहीत. मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि फार तर १.५ चालते, नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे सवलतच नाही. हे दोन्ही घटक उकळल्याने जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. पेटीत मात्र ते तळाच्या पाण्यातच राहतात. उसाच्या पट्ट्यात, जेथे जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि खते वर्षानुवर्षे जमिनीत मुरत आली आहेत, तेथे या पेटीचा खरा उपयोग मला दिसतो.

एक सल्ला आपण विचारलेला नाही, तरी देतो. अथणीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घरावर २० चौरस मीटर स्लॅब असेल तर त्यावर दहा हजार लिटर पाणी पडते, आणि पहिल्या सरी सोडून, गळती वजा करून आठ हजार लिटर तरी हाती लागते. पावसाळा संपल्यावर सात महिने रोज २० लिटर पाणी वापरायला सव्वाचार हजार लिटरांची बंद टाकी पुरते. टाकीला जागा आणि पैसे असतील तर आधी तिचे पाहावे. एक-दोन चौरस मीटरची पेटी तिच्या जोडीला ठेवावी, म्हणजे पाऊस कमी झालेल्या वर्षी ती उपयोगी पडेल.

प्रश्न : आपला लेख वाचून मी आणि माझ्या धाकट्या भावाने गच्चीवर पेटी केली. प्लायवूडचा खोका, आत काळा ऑइलपेंट, वर जाड प्लास्टिकचा कागद आणि आत चार बोटे पाणी. दिवसभरात अर्धा लिटरही पाणी मिळत नाही आणि जे मिळते त्याला रंगाचा वास येतो. आमचे काय चुकले?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : चार गोष्टी चुकल्या आहेत, आणि चारही दुरुस्त होण्यासारख्या आहेत. मीही पहिली पेटी केली तेव्हा यांतल्या दोन चुका केल्या होत्या, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम तो रंग. ऑइलपेंट किंवा डांबर आत लावून मिळवलेले पाणी पिऊ नये. तापल्यावर त्यांतील द्रव्ये वाफेबरोबर वर येतात आणि पाण्यात उतरतात. आतापर्यंत मिळालेले सगळे पाणी झाडांना घालावे. तळाला स्टेनलेस स्टीलचा ट्रे घेऊन त्यात खाद्यपदार्थांसाठी चालणारे काळे सिलिकॉन रबर अंथरावे, आणि सांधेही त्याच प्रतीच्या सिलिकॉनने भरावेत. सिलिकॉन वाळल्यावरही पहिल्या आठवड्याचे पाणी टाकून द्यावे.

दुसरी चूक पाण्याच्या खोलीची. चार बोटे पाणी तापायलाच दुपार होते. पाणी दोन सेंटीमीटर, फार तर तीन, इतकेच ठेवावे. उथळ पाणी सकाळी दहालाच वाफाळू लागते.

तिसरी चूक प्लास्टिकच्या कागदाची. त्यावर पाण्याचे सुटे थेंब बनतात आणि ते घरंगळत खालच्या कडेच्या पन्हळीपर्यंत जाण्याऐवजी मध्येच खाली टपकतात. म्हणजे वाफ होऊन वर गेलेले पाणी पुन्हा खाऱ्या पाण्यात पडते. स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ थर बनतो आणि तो सरळ खाली ओघळतो. चार मिलिमीटरची टफन केलेली काच घ्यावी, आतली बाजू साबणाने किंवा राखेने घासून तेलकटपणा काढावा, आणि नंतर तिला आतून बोट लावू नये. काचेला पंधरा ते वीस अंशांचा उतार देऊन तिचे तोंड दक्षिणेकडे करावे. आपला भाग सोळा अक्षांशांच्या जवळ असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण तेवढ्यासाठी पेटी फिरवण्याची गरज नाही. त्यातला बराच काळ पावसाचा असतो आणि काचेचा उतारही थोडाच आहे.

चौथी चूक आपल्या पत्रात लिहिलेली नाही, पण असणारच असे धरून लिहितो, कारण प्रत्येक घरगुती पेटीत ती सापडते. वाफ कोठून तरी निसटत असते. भर दुपारी काचेच्या कडेने हात फिरवून पाहावे; हाताला ओलसर ऊब लागेल तेथे फट आहे. खोक्याच्या तळाशी आणि बाजूंना भुश्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा निदान चार बोटांचा थर द्यावा. थर्मोकोल वापरू नये, तापलेल्या ट्रेला लागून तो आक्रसतो.

नंतरची निगा अवघड नाही, पण ती रोजची आहे. जितके पाणी मिळाले त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सकाळी आत घालून जादाचे वाहू द्यावे, म्हणजे क्षार साचत नाहीत; नाहीतर महिन्याभरात ट्रेवर पांढरे किटण बसते आणि काळ्या तळाला ऊन लागत नाही. आपल्याकडे ऊस तुटल्यावर पाला पेटवतात आणि त्याची काजळी गच्च्यांवर उतरते. त्या दिवसांत काच रोज पुसावी लागेल. मिळालेल्या पाण्याचा टीडीएस वीस-तीसच्या आत असला पाहिजे. तो एकाएकी शंभरावर गेला तर समजावे की खारे पाणी उडून किंवा झिरपून पन्हळीत येत आहे. एवढे जमले तर एका चौरस मीटरच्या पेटीतून उन्हाळ्यात साडेतीन लिटर पाणी आपल्याला मिळेल, आणि मिळाल्यास मला अवश्य कळवावे.

प्रश्न : वाफेचे पाणी "मृत" असते आणि ते प्यायल्याने हाडे ठिसूळ होतात, असे आमच्याकडे एका विक्रेत्याने सांगितले. घरात सासूबाई वृद्ध आहेत आणि मूल तीन वर्षांचे आहे. काय करावे?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : पाणी मृत नसते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतात एवढेच खरे आहे, आणि माणसाला हे क्षार मुख्यतः दूध, नाचणी, डाळी आणि पालेभाज्यांतून मिळतात. तरीही केवळ असेच पाणी वर्षानुवर्षे पिऊ नये असे माझेही मत आहे. वर अथणीच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे तपासलेले, उकळून गार केलेले थोडे साधे पाणी त्यात मिसळावे. पाणी साठवायला तांब्या-पितळेचे भांडे न घेता काचेचे, मातीचे किंवा स्टीलचे घ्यावे, कारण क्षारविरहित पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि धातू थोडा थोडा विरघळवते. सासूबाईंना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

प्रश्न : आम्ही मच्छीमार वाड्यातील बायकांचा बचत गट आहोत. पावसाळ्यात आमच्याकडे पाण्याला तोटा नसतो, परंतु होळी झाली की किनाऱ्याजवळचे आड खारे होऊ लागतात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. शंभर कुटुंबे आहेत. समुद्र दाराशी आहे. काचेच्या पेट्या घ्याव्यात की पॅनेलवरचे आरओ यंत्र?
— कारवार तालुक्यातील एक बचत गट

उत्तर : शंभर कुटुंबांना पिण्या-रांधण्यासाठी घरटी दहा लिटर धरले तर दिवसाला हजार लिटर पाणी लागेल. पेट्यांतून तेवढे पाणी काढायला तीनशेहून अधिक चौरस मीटर काच आणि ती रोज पुसणारे हात हवेत. मच्छीमार वाड्यात मासळी सुकवायलाच जागा पुरत नाही, तेथे हे जमण्यासारखे नाही.

आरओची गोष्ट वेगळी आहे. त्यात पाण्याची वाफ करावी लागत नाही, म्हणून ऊर्जा फार कमी लागते. मोठे प्रकल्प समुद्राच्या हजार लिटर गोड्या पाण्यामागे तीन ते चार युनिट वीज घेतात. लहान यंत्रांत बाहेर जाणाऱ्या पाण्याचा दाब पुन्हा वापरण्याची सोय बहुधा नसते, त्यामुळे त्यांना दहा युनिटपर्यंत वीज लागू शकते. तेवढ्या विजेला अडीच किलोवॉट पॅनेल, म्हणजे बारा-तेरा चौरस मीटर जागा पुरते; शाळेचे किंवा समाजमंदिराचे छप्पर त्यासाठी बस्स आहे. बॅटऱ्या घेऊ नयेत. ऊन असताना पंप चालवून पाणीच टाकीत साठवावे.

तथापि माझी आपल्या गटाला कळकळीची विनंती आहे की यंत्राचा नळ थेट समुद्रात घालण्याआधी खाऱ्या झालेल्या आडांकडे पुन्हा एकदा पाहावे. मिठाच्या पाण्याला पडद्यातून उलट ढकलायला जो दाब लागतो तो त्यातील मिठावर अवलंबून असतो. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ६५ वातावरणे दाब द्यावा लागतो. मोटारीच्या चाकात जेमतेम दोन असतो, यावरून त्या पंपाची, नळ्यांची आणि गंजाची कल्पना यावी. लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ असलेल्या आडाच्या पाण्याला दहा-पंधरा वातावरणे पुरतात, वीज हजार लिटरमागे एक-दोन युनिट लागते, आणि गावातला पंप दुरुस्त करणारा माणूसही असे यंत्र सांभाळू शकतो.

आड वापरताना मात्र फार संयम पाळावा लागेल. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर त्याच्या खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, आणि उपसा करून वरची पातळी एका मीटरने खाली आणली की खालचे खारे पाणी त्याच हिशेबाने सुमारे चाळीस मीटर वर सरकते. यासाठी एकाच आडावर मोठा पंप बसवू नये. तीन-चार आडांतून थोडे थोडे घ्यावे, आणि पावसाळ्यात छपरांचे पाणी शोषखड्ड्यांतून त्याच वाळूत सोडावे. कारवारात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला थोडा हिस्सा वाड्यातच मुरला तर आड खारे होण्याचा काळ पुढे जाईल.

उरलेल्या पाण्याविषयी यंत्र विकणारे सहसा बोलत नाहीत, म्हणून मी सांगतो. समुद्राच्या पाण्यातून हजार लिटर गोडे पाणी काढले की साधारण दीड हजार लिटर पाणी उरते आणि त्यात लिटरमागे ५८ ग्रॅमच्या आसपास मीठ असते. ते खाडीच्या आतल्या संथ पाण्यात किंवा शेताच्या बाजूला सोडले तर तिसऱ्या (शिंपल्या) मरतील आणि भातखाचरे नासतील, आणि त्या तिसऱ्यांवरच आपल्यापैकी अनेकींची चूल चालते. ते नळाने लाटांच्या पुढे, वाहत्या समुद्रात सोडावे. आडाचे पाणी वापरले तर उरलेले पाणी समुद्राहून कमी खारट असेल, तरीही ते आडाजवळ जिरू देऊ नये.

शेवटी, पडदे तीन ते पाच वर्षांत बदलावे लागतात. गटाने पहिल्या महिन्यापासून कॅनमागे एक ठरावीक रक्कम त्यासाठी बाजूला काढली नाही, तर पडदा खराब झाल्याच्या दिवशी यंत्र बंद पडेल आणि टँकर पुन्हा येऊ लागेल.

प्रश्न : बेळगावात उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी पाणी येते. सौर ऊर्जा आता स्वस्त झाली आहे, तर गोव्याच्या किंवा कारवारच्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणून शहराला गोडे पाणी का देऊ नये? लक्षद्वीपला जे जमते ते आपल्याला का जमू नये?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, तेव्हा हिशेब मांडू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. हजार लिटर पाणी तेवढे वर चढवायला, निव्वळ भौतिकशास्त्राच्या नियमाने, दोन युनिटांहून किंचित अधिक ऊर्जा लागते. पंपातील तूट धरली तर तीन युनिट, आणि घाटातल्या लांब नळातील घर्षण त्याहून वेगळे. म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करायला जेवढी वीज लागते जवळजवळ तेवढीच ते घाटावर आणायला लागते. खारे पाणीच वर आणून येथे गोडे करायचे म्हटले तर अडीचपट पाणी चढवावे लागेल आणि उरलेले खारट पाणी टाकायला येथे समुद्र नाही. तेव्हा किनाऱ्यावरच गोडे करून वर आणले तरी हजार लिटरमागे साडेसहा युनिट पडतील. पाच लाख लोकांना माणशी १३५ लिटर या शहरी मापाने दिवसाला पावणेसात कोटी लिटर पाणी लागते, म्हणजे रोज सुमारे ४ लाख ४० हजार युनिट वीज. एक मेगावॉटचे सौर पॅनेल दिवसाला चार हजारांच्या आसपास युनिट देते, म्हणून ११० मेगावॉटचा प्रकल्प आणि त्यासाठी पाचशे एकरांच्या जवळपास जमीन लागेल. हे अशक्य नाही, परंतु राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येणाऱ्या पाण्यापैकी जे गळक्या नळांतून वाटेत जाते ते अडवणे याहून पुष्कळ स्वस्त पडेल.

लक्षद्वीपला ना नदी आहे ना धरण, आणि पाणी वर चढवण्यासाठी घाटही नाही. तेथील कवरत्ती बेटावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू केला, आणि तो आपण नीट अभ्यासावा असे मला वाटते, कारण त्यात सूर्याची उष्णता साठवण्याचे काम समुद्रच करतो. पृष्ठभागावरचे २८ अंशांचे कोमट पाणी हवा काढलेल्या बंद टाकीत सोडले की दाब कमी असल्यामुळे त्यातील थोड्या पाण्याची वाफ होते, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या बारा-तेरा अंशांच्या पाण्याने ती वाफ निवते. बेटाचा उतार किनाऱ्याजवळच एकदम खोल जात असल्यामुळे ते गार पाणी तेथे हाताशी मिळते. कारवारच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यासमोर समुद्र दूरवर उथळच असतो, म्हणून ही युक्ती तेथे चालणार नाही.